दोन घरांमधल्या लांब केबलसाठी कॅट ८ घेऊ नका, आधी दोरीनं वाट मोजा

दादा, तुमचा प्रश्न मला असा समजला. खानापूर तालुक्यात गावात, रस्त्याकडेला जुनं घर आहे आणि इंटरनेटचं फायबर तिथंच आलंय. मागं भाताच्या शेतापलीकडं नवीन घर बांधलंय. टेप लावून सरळ अंतर ८५ मीटर भरलं. लेकीला नवीन घरात बसून ऑफिसचं काम करायचंय, शिवाय दोन कॅमेरे लावायचेत. दुकानदार म्हणाला, अंतर लांब आहे, नेटवर्कची तांब्याची केबल कॅट ८ घ्या. ती घ्यावी का आणि कशी टाकावी, असं तुम्ही विचारलंय.

कॅट ८ घेऊ नका. आकडा मोठा म्हणून केबल लांब पोचत नाही. कॅट ८ ही सर्व्हर ठेवलेल्या खोल्यांसाठी आहे, २५ आणि ४० गिगाबिटसाठी, तीही ३० मीटरपर्यंत. तुम्हाला १ गिगाबिटचा वेग पुरे आहे आणि तो साध्या कॅट ५ई वरसुद्धा १०० मीटर जातो. कॅट ६ वर १० गिगाबिट साधारण ५५ मीटर चालतो, कॅट ६ए वर पूर्ण १००. म्हणजे कुठलीही घेतली तरी शंभराची वेस कुणी ओलांडत नाही.

आता ते ८५ मीटर. केबल पक्ष्यासारखी सरळ जात नाही. राउटरपासून भिंतीनं खाली, जोत्यातून बाहेर, विहिरीला वळसा, बांधाच्या कडेनं, मग नवीन घराच्या भिंतीवर चढून खोलीत. सुतळीचा गुंडा घेऊन हीच वाट चाला आणि मग ती सुतळी मोजा. ८५ चे ११० सहज होतात. त्यात १०० मीटर म्हणजे ९० मीटर कायमची बसवलेली केबल आणि दोन्ही टोकांच्या पॅचकॉर्ड, म्हणजे यंत्राला जोडायच्या सुट्या छोट्या केबल, मिळून १० मीटर. '१२० मीटरवर माझं चालतंय' असं सांगणारे भेटतील, चालतही असेल. पण तांब्याचा रोध तापमानाच्या दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. जानेवारीत चाललेली लिंक एप्रिलच्या दुपारी पडायला लागली की कारण सापडत नाही आणि माणूस राउटर बदलत बसतो.

पण अंतर ७० मीटर भरलं असतं तरी मी तुम्हाला दोन घरांमध्ये तांबं टाकू दिलं नसतं. कारण आकाशातली वीज.

निपाणीकडं माझ्या धाकट्या भावाचं मळ्यात घर आहे. घरापासून गोठ्यापर्यंत ७० मीटर कॅट ६ मी स्वतः खांबांवरून ओढून दिली होती, चांगली, शुद्ध तांब्याची. एप्रिलमध्ये वळीव आला आणि दोन शेतं पलीकडच्या नारळावर वीज पडली. आमच्या घरावर नाही, गोठ्यावर नाही. तरी गोठ्यातला कॅमेरा, स्विच, घरातला राउटर आणि पुतण्याच्या कॉम्प्युटरचा लॅन पोर्ट एका क्षणात गेले. केबल मात्र तपासली तर ठीक! वीज जमिनीत उतरते तेव्हा प्रत्येक जागेचं अर्थिंग वेगवेगळ्या व्होल्टेजवर जातं. दोन इमारतींना जोडणारी तांब्याची तार म्हणजे त्या फरकाला घरात यायला मोकळी वाट. शिल्ड, म्हणजे धातूचं आवरण, असलेली केबल दोन्ही टोकांना अर्थ केली तर तो प्रवाह शिल्डमधूनच धावतो. सर्ज प्रोटेक्टर थोडा आधार देतात, खात्री देत नाहीत. त्या दिवशी गोठ्यात कुणी नव्हतं हे आमचं नशीब. तेव्हापासून दोन इमारतींमध्ये मी तांबं टाकत नाही.

तुम्ही फायबर टाका, त्यात काचेच्या धाग्यातून प्रकाश जातो आणि काचेतून वीज वाहत नाही. सिंगल मोड, बाहेर वापरायची, चार कोअरची, म्हणजे चार काचेच्या धाग्यांची, ड्रॉप केबल (घरापर्यंत नेट आणायला वापरतात ती बारीक फायबर केबल). वापर एका कोअरचा होईल, बाकीच्या तीन अडीअडचणीला. घेताना एकच गोष्ट ठासून विचारा, आत लोखंडी तार आहे का? बऱ्याच ड्रॉप केबलना आधारासाठी ती असते. तुम्हाला आधाराला लोखंडाऐवजी फायबरची काडी असलेली, म्हणजे धातू अजिबात नसलेली हवी, नाहीतर विजेसाठी पुन्हा तीच वाट. दोन टोकांना गिगाबिट मीडिया कन्व्हर्टरची जोडी लागते, म्हणजे फायबरचा प्रकाश आणि साधी नेटवर्क केबल यांना जोडणारे डबे. एक १३१० नॅनोमीटरच्या प्रकाशावर पाठवतो आणि १५५० वर घेतो, दुसरा उलट. दोन्ही एकाच जातीचे आणले तर लिंक येणार नाही, तेव्हा जोडी म्हणूनच घ्या. टोकं जोडायला गावातल्या केबलवाल्याला बोलवा, त्याच्याकडं स्प्लायसिंगचं, म्हणजे फायबरची टोकं वितळवून जोडायचं, मशीन असतं. चालू फायबरच्या टोकात डोळा घालू नका, तो प्रकाश दिसत नाही पण डोळ्याला इजा करू शकतो.

चर खणायचा तो बांधाच्या कडेनं, शेतातून नको. चिखलणीला पॉवर टिलर उतरला की उथळ पाईप वर येतोच. दोन फूट खोल, ट्रॅक्टर जातो तिथं तीन. एक इंची काळा एचडीपीई (जाड प्लॅस्टिकचा) पाईप घाला, आत केबलसोबत एक नायलॉनची दोरी सोडून ठेवा, पुढं काही ओढायचं झालं तर ती कामाला येते. मोटारीची वायर त्याच चरात असेल तर फायबरला त्रास नाही, पण पाईप वेगळा आणि फूटभर लांब ठेवा, दुरुस्तीला हात घालणाऱ्याच्या जिवासाठी. दोन्ही तोंडं घट्ट बंद करा, घुशी आणि उंदीर आत शिरतात. तुमच्याकडच्या पावसात पाईपमध्ये पाणी साठणारच, म्हणून घराच्या आत वापरायची केबल त्यात कधीही घालू नका. हे काम भात कापणीनंतर काढा. जमीन ओलसर असते आणि गडी मिळतात. चर बुजवण्याआधी मोबाईलवर फोटो काढा, विहिरीपासून किती पावलं हे दिसेल असे.

तांबं लागेल ते नवीन घराच्या आत, कन्व्हर्टरपासून लेकीच्या टेबलापर्यंत आणि कॅमेऱ्यांना. तिथं कॅट ६, शुद्ध तांब्याची. बाजारात ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली खूप आहे. तार ब्लेडनं खरवडा, आत पांढरी दिसली तर परत द्या. पूर्ण ३०५ मीटरची पेटी घेत असाल तर मल्टिमीटर न्या. २३ गेजच्या (गेज म्हणजे तारेची जाडी, आकडा लहान तितकी तार जाड) एका तारेचा रोध टोकापासून टोकापर्यंत २१ ओहमच्या आसपास हवा, २४ गेजचा २६ च्या आसपास. तिशीच्या वर गेला तर पेटी उचलू नका. वजनही सांगतं, २३ गेजच्या पेटीत नुसतं तांबंच साडेपाच किलोच्या वर असतं. कॅमेऱ्याला याच केबलमधून वीज देणार असाल तर मुलाम्याच्या तारेत व्होल्टेज कमी पडतं, तार तापते आणि पिनेपाशी तुटते.

केबलच्या टोकांना पिना मारताना आतल्या तारांच्या जोड्यांचा पीळ अर्ध्या इंचापेक्षा जास्त सोडू नका. रंगांचा क्रम दोन्ही टोकांना एकच, आपल्याकडं टी५६८बी नावाचा क्रम चालतो: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. मग लिंकचा वेग बघा. १००० मेगाबिटऐवजी १०० दाखवला तर चार जोड्यांपैकी एखादी कुठंतरी सुटलीय, कारण १०० ला दोनच जोड्या लागतात. तशी चालवू नका, पीन कापून पुन्हा मारा.

आणि लाईट गेली की नवीन घरातला कन्व्हर्टर, राउटर दोन्ही बंद पडतील. छोटा डीसी यूपीएस दोन्ही टोकांना ठेवा. जुन्या घरातला कन्व्हर्टर लोक विसरतात आणि मग नवीन घरात सगळं चालू असून नेट नसतं. यूपीएस घेण्याआधी कन्व्हर्टर आणि राउटरच्या ॲडॉप्टरवर ५ व्होल्ट आहे की १२, ते वाचा.

सुतळीनं मोजून झालं की आकडा इथं टाका. वाटेत ओढा किंवा रस्ता आडवा येत असेल तर तेही लिहा, तिथं चर वेगळा काढावा लागतो.