वाचक विचारतात: बालीत एका दिवसात पाच गावं आणि एक गुहामंदिर?

प्रश्न: आम्ही चौघं बालीला चाललोय, सोबत सासूबाई. एजंटने एका दिवसाची गाईडसकट ट्रिप दिलीय, त्यात बाटिकचं गाव, दगडाचं गाव, चांदीचं, चित्रांचं, लाकडाचं आणि शेवटी गोआ गजाह गुहामंदिर. मैत्रीण म्हणते, जाऊ नका, नुसती दुकानं दाखवतात. जावं का?

उत्तर: जा, पण एजंटच्या यादीला कात्री लावून जा. मैत्रीण काही चुकीचं सांगत नाहीये. तोहपाती (बाटिक), बातुबुलान (दगड), चेलुक (चांदी), बातुआन (चित्रं), मास (लाकूड) ही सगळी गावं बालीची राजधानी देनपासारहून उबुद गावाकडे जाताना ओळीने लागतात म्हणून ट्रिपवाल्यांना भारी सोयीची, आणि मेन रोडलाच मोठमोठी शोरूम आहेत, तिथे गाडी थांबते, दारात दोन-तीन कारागीर बसवलेले असतात, त्यांच्याकडे पाच मिनिटं बघितलं की चला आत काउंटरवर. बऱ्याच ठिकाणी ड्रायव्हरचं कमिशन असतं आणि ते अर्थात तुमच्याच बिलातून निघतं.

पण म्हणून गावं खोटी नाहीत हो. देवळांसाठी, राजवाड्यांसाठी इथे पिढ्यानपिढ्या काम चालत आलंय, पर्यटक नंतर आले. धातूकाम करणारी जुनी घराणी तर स्वतःला पांडे म्हणवतात (हो, पांडेच!). तेव्हा पाचातली दोन गावं निवडा आणि ड्रायव्हरला सकाळीच स्पष्ट सांगा की शोरूम नको, आतल्या गल्लीत घरी काम चालतं तिथे ने. चहापाण्याचे थोडे जास्त देऊ म्हणा, तो नेतो.

माझं मत विचाराल तर चेलुक आणि मास. चेलुकला चांदीवर रव्याचं काम बघा. मोहरीपेक्षा बारीक चांदीचे गोळे, ते डिंकासारख्या चिकट पदार्थाने एकेक करून दागिन्यावर बसवायचे आणि मग आच देऊन पक्के करायचे, जरा जास्त आच लागली की सगळी नक्षी वितळून सपाट. हे बघितल्यावर कानातल्यांची किंमत का तेवढी आहे ते आपोआप कळतं. घेणार असाल तर ९२५ चा शिक्का (म्हणजे ९२.५ टक्के चांदी) बघा, आणि घासाघीस करायला लाजू नका, फिक्स प्राइसची पाटी नसेल तर पहिला आकडा हा बोलायचाच आकडा असतो. मासला लाकूडकाम. कारागीर जमिनीवर बसून लाकूड पायाच्या तळव्यांत धरतात आणि दोन्ही हात छिन्नी-हातोडीला मोकळे, बघत बसावंसं वाटतं. तिथे काळी मूर्ती एबनीची (मुळातच काळ्या लाकडाची) म्हणून महाग सांगितली तर जपून, साध्या लाकडाला काळं पॉलिश मारून विकतात, आणि ओलसर हवेतलं लाकूड आपल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात तडकू शकतं, म्हणून फार मोठं काही घेऊ नका. बाटिक सोडलंत तरी चालेल. बातुबुलानला सकाळी साडेनऊच्या सुमाराला बारोंग म्हणजे मोठ्या मुखवट्याच्या पौराणिक प्राण्याचा नाच असतो, मुलं असतील तर तो धरा.

गालुंगान सणाच्या आसपास मात्र ही ट्रिप ठेवू नका. तो बालीच्या २१० दिवसांच्या पंचांगाने येतो, त्यामुळे दरवर्षी तारीख वेगळी, आणि कारागीर सगळे देवळात. रस्ते मात्र पेंजोर म्हणजे सजवलेल्या उंच बांबूंनी नटलेले असतात, ते बघायचंय की काम बघायचंय ते तुमचं तुम्ही ठरवा.

प्रश्न: गोआ गजाह म्हणजे अजिंठा-वेरूळसारखं काही आहे का?

उत्तर: नाही, आणि ती अपेक्षा घेऊन गेलात तर दहा मिनिटांत बाहेर याल. गुहा छोटीशी, इंग्रजी टी अक्षरासारखी, काळोखी, उदबत्तीच्या धुराने भरलेली. आत शिरून डावीकडे गणपती, उजवीकडे एका ओट्यावर तीन लिंगं. बास. बघण्यासारखं खरं बाहेर आहे. दाराभोवतीचा तो डोळे वटारलेला, तोंड वासलेला राक्षसी चेहरा, ज्याच्या तोंडातूनच आत जायचं. समोर स्नानाची कुंडं, ज्यांत स्त्रीमूर्तींच्या हातातल्या भांड्यांतून पाणी पडतं, ती १९५४ साली खणून काढली, तोवर जमिनीखालीच होती. गुहा साधारण अकराव्या शतकातली मानतात. बाहेर लेकुरवाळी हारिती, म्हणजे मुलांचं रक्षण करणारी बौद्ध देवी आहे, अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात आहे तीच. आणि मागे पायऱ्या उतरून ओढ्याकडे गेलात तर बौद्ध स्तूपाचे कोसळलेले कोरीव दगड शेवाळात पडलेत, तिथवर ग्रुपवाले सहसा जातच नाहीत. शैव आणि बौद्ध शेजारी-शेजारी नांदल्याचा पुरावा एवढा उघड्यावर पडलेला दुसरीकडे कुठे बघणार?

सासूबाईंचे गुडघे दुखत असतील तर आधी विचार करा, पार्किंगपासून कुंडांपर्यंत पायऱ्या उतरायच्या म्हणजे परत चढायच्याच. ओढ्यापर्यंत त्यांना नेऊ नका. आणि गुहा शेवटी न ठेवता सगळ्यात आधी ठेवा, दुपारी ऊन आणि बसची गर्दी दोन्ही असतं.

प्रश्न: कपडे काय घालायचे? पाळी असेल तर?

उत्तर: गुडघे झाकलेले हवेत, सरोंग (कमरेला गुंडाळायचं लुंगीसारखं कापड) तिकिटाबरोबर तिथेच मिळतो. पाळी चालू असताना आत येऊ नये अशा पाट्या बालीतल्या देवळांवर असतात, तपासत कोणी नाही, पण आपण पाहुणे आहोत, आपल्याकडेही असल्या पाट्यांवरून किती वाद होतात ते माहितीये ना, तेव्हा निर्णय तुमचा. रस्त्यावर फुलं-तांदळाच्या छोट्या करंड्या ठेवलेल्या दिसतील, तो नैवेद्य असतो, त्यावर पाय पडू देऊ नका.

प्रश्न: शाकाहारी जेवण?

उत्तर: उबुदला भरपूर. वाटेत गाडो-गाडो (शेंगदाण्याची चटणी घातलेल्या भाज्या) मागवाल तर शेंगदाण्याच्या चटणीत तेरासी म्हणजे सुक्या कोळंबीची पेस्ट असू शकते, म्हणून ‘तानपा तेरासी’ (तेरासी नको) असं आधीच सांगा.