शुद्ध नसताना दिलेला होकार

बाळा,

काल ओटीवर बसून तू तीनदा विचारलंस, "मावशी, माझं चुकलं काय?" हळदीच्या रात्री तुझा मित्र त्या दारू प्यायलेल्या मुंबईच्या पोरीला मांडवामागच्या काळोखात नेत होता. तू तिला हाताला धरून परत आणलंस आणि बायकांत बसवलंस. आता मित्र तुझ्याशी बोलत नाहीत. म्हणे ती आपणहून "चल" म्हणाली होती.

म्हणाली असेल. शुद्ध नसताना दिलेला होकार होकार नसतो. कंटाळलास तरी हे मी तुला पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

आणि तू तरी काय धुतल्या तांदळासारखा? पत्रादेवीच्या नाक्यापलीकडून, गोव्यातून, बाटल्या कोणी आणल्या? "आधी जरा बसूया, मगे हळदीक जावया" ही टूम कोणाची? सहा वाजता, रिकाम्या पोटी, मूठभर फरसाणावर, तासाभरात चार-चार पेग. अरे, यकृत तासाला जेमतेम एक छोटा पेग निस्तरतं. तुम्ही मांडवात पोचता तेव्हा उरलेली दारू अजून चढतच असते. बाईच्या अंगात पाण्याचं प्रमाण कमी, म्हणून तेवढ्याच पेगांनी तिला जास्त चढते. इतक्या झपाट्याने चढली की मेंदू आठवण साठवायचंच थांबवतो. माणूस चालतं, डीजेवर नाचतं, "चल"सुद्धा म्हणतं, आणि सकाळी त्यातलं काही त्याला आठवत नाही. अमेरिकेत कॉलेजच्या मुलामुलींवर बरेच अभ्यास झालेत. तिथल्या साधारण निम्म्या लैंगिक अत्याचारांत दारू सापडते, करणाऱ्याच्या पोटात, सोसणारीच्या किंवा दोघांच्याही.

"दोघंही प्यायलेली, मग दोष त्याचाच का?" असं तू विचारलंस तेव्हा मला राग आला. तिला धड चप्पल पायात घालता येत नव्हती, हे तूच सांगितलंस ना? मग ते त्यालाही दिसलं. काय करतोय हे कळण्याइतकी शुद्ध नशेमुळे बाईला नसेल, तर तिची संमती कायदा धरत नाही. जुन्या भारतीय दंड संहितेत बलात्काराच्या कलम ३७५ मध्ये हेच होतं, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही हेच आहे. शिक्षा किमान दहा वर्षं. आपल्या हाताने प्यायलेल्याला "मी शुद्धीत नव्हतो" म्हणून सुटता येत नाही.

३१ वर्षं मी परिचारिका होते. एका रात्री अशीच एक मुलगी आली. हिरवी साडी, नखांत सुकलेली हळद. मी तिला पहिला प्रश्न केला, "किती प्यायलीस?" त्यानंतर ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तक्रारही केली नाही. रात्रपाळीला मी एकटी होते, बाहेर अपघाताचे दोन पेशंट होते, कागदावर दारूचा वास लिहावाच लागतो, हे सगळं मी मनाशी कितीदा घोकलंय. त्यात खोटं काही नाही. पण आधी तिला घोटभर पाणी द्यायला हवं होतं. तेव्हापासून कोणी "तीच प्यायली होती" म्हणालं की मी भांडते. भांडकुदळ म्हणतात मला, म्हणू देत. शुद्ध नसताना दिलेला होकार होकार नसतो.

शिमग्याला चाकरमानी येतील, पुन्हा बैठकी ठरतील. तू बाटल्या आणायच्या नाहीस, आणि त्या रात्री तरी प्यायचं नाहीस. कुणावर प्रसंग आलाच तर ११२ लाव. अंघोळ करू नको, कपडे धुऊ नको म्हणून तिला सांग आणि तडक रुग्णालयात ने. सरकारी असो की खासगी, उपचार फुकट द्यायला ते बांधील आहेत. एचआयव्हीची लागण होऊ नये म्हणूनच्या गोळ्या ७२ तासांच्या आत सुरू व्हाव्या लागतात, आणि गर्भ राहू नये म्हणूनच्या गोळ्याही जितक्या लवकर तितक्या बऱ्या.

ती पोरगी परवाच्या गाडीने मुंबईला जाते आहे. तिला त्या रात्रीचं बहुधा काही आठवत नसेल, आणि तुझे मित्र आपली गोष्ट पसरवत असतील. जायच्या आधी तिला गाठ. तिच्या मामीला सोबत बसव, आणि तू काय पाहिलंस ते जसंच्या तसं सांग.

तुझी मावशी