डबीवर नाव नसलेली कॅप्सूल

मावशी, माझं वय 26. दिवाळीनंतर लग्न आहे. बैठकीत होणाऱ्या सासूबाई हसत हसत म्हणाल्या, "शालूत जरा सुटसुटीत दिसायला हवी." मावसबहिणीच्या ओळखीतल्या एका बाईंकडून आयुर्वेदिक कॅप्सूल घेतेय. तीन आठवड्यांत 74 किलोंवरून 69 वर आले. भूकच लागत नाही. पण तोंडाला सारखी कोरड, रात्री झोप नाही, जिना चढला की छाती धडधडते. बाई म्हणतात, "शरीरातली घाण बाहेर पडतेय." आईला माहीत नाही. लग्नापर्यंत चालू ठेवू का?
— स., सांगली

स.,

नको. आजची कॅप्सूलसुद्धा घेऊ नकोस. डबी मात्र फेकू नकोस, ती लागणार आहे.

घाणबिण काही बाहेर पडत नाहीये. भूक मरणं, कोरड, जागरण, धडधड ही सगळी लक्षणं एकत्र वाचली आणि मला सिबुट्रामिन आठवलं. तुझ्या डबीत तेच आहे असं मी इथे बसून म्हणणार नाही, पण शंका घ्यायला जागा आहे. हे औषध मेंदूतली सेरोटोनिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन ही रसायनं जास्त वेळ टिकवतं, म्हणून पोट भरल्यासारखं वाटतं. त्याच नॉरअ‍ॅड्रेनलिनमुळे नाडी आणि रक्तदाब चढतो. हृदयविकाराचा धोका असलेल्या लोकांमध्ये झटका आणि पक्षाघाताचं प्रमाण वाढलेलं दिसलं, म्हणून 2010 मध्ये ते युरोप-अमेरिकेतून मागे घेतलं गेलं. फेब्रुवारी 2011 मध्ये आपल्याकडेही बंदी आली. तरी जगभर 'हर्बल' म्हणून विकलेल्या बारीक होण्याच्या गोळ्यांत ते पुन्हा पुन्हा सापडतं. कधी थायरॉइडचं हार्मोन असतं, कधी जुलाबाचं नाहीतर लघवीचं औषध. या शेवटच्या दोघांनी काटा खाली येतो तो पाणी गेल्यामुळे. चरबी जागच्या जागी. पाल्याच्या भुकटीने तीन आठवड्यांत पाच किलो उतरत नाहीत गं!

या दोन दिवसांत फॅमिली डॉक्टरांकडे जा, डबी घेऊन. रक्तदाब, ईसीजी, यकृत आणि थायरॉइडच्या तपासण्या करून घे. नैराश्याच्या किंवा दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू असतील तर तेही सांग, काही औषधं एकमेकांत भयंकर भांडतात. छातीत दुखलं, चक्कर येऊन पडलीस किंवा धाप लागली, तर दोन दिवस थांबायचं नाही, थेट दवाखाना. आणि त्या बाईंची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते. ओळखीतल्या आहेत, म्हणून तू करणार नाहीस, हे मला ठाऊक आहे. तरी सांगते.

मग खरी औषधं नाहीतच का? आहेत. ऑर्लिस्टॅट आतड्यातल्या चरबी पचवणाऱ्या एन्झाइमला अडवतं, जेवणातली साधारण 30 टक्के चरबी न पचताच बाहेर जाते. अक्षरशः बाहेर: तेलकट शौच, कपड्यांना डाग. हळदीच्या दिवशी तुला ते नको असणार. वर अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वं कमी शोषली जातात. वर्षभरात नुसत्या पथ्यापेक्षा दोन-तीन किलोच जास्त उतरतात. हल्ली बोलबाला आहे तो सेमाग्लुटाइडचा. ते पोट सावकाश रिकामं करतं आणि मेंदूला 'पुरे' असं सांगतं. वजन खरंच बरंच उतरतं. पण मळमळ, उलट्या होतात, पित्ताशयात खडे होऊ शकतात, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते. आणि औषध थांबलं की बरंचसं वजन परत येतं. मूल हवं असेल तर किमान दोन महिने आधी ते बंद करावं लागतं. लग्नाच्या तोंडावर हे कुणी सांगत नाही. ही औषधं लठ्ठपणाच्या दीर्घ उपचाराची आहेत, डॉक्टरांच्या देखरेखीखाली. मुहूर्त गाठण्यासाठी नव्हेत.

पाळी अनियमित असेल तर पीसीओडीचंही बघून घे; तसं असेल तर वजनाचं गणितच वेगळं.

आईला आजच सांग. ओरडेल, आणि मग तीच तुझ्याबरोबर दवाखान्यात येईल. होणाऱ्या नवऱ्यालाही सांग: "तुमच्या आईचं बोलणं मला लागलं, आणि मी असं करून बसले." तो काय म्हणतो ते नीट ऐक. सासूबाईंशी त्याने बोलावं, तू नव्हे.

कॅप्सूल सुटल्यावर एक-दोन किलो परत येतील, घाबरू नकोस. ब्लाउज इतक्यात शिवायला टाकू नकोस. टाकशील तेव्हा शिवणाऱ्या ताईंना आत दोन बोटं माया ठेवायला सांग.

— मावशी