झोपेत श्वास अडकतो म्हणून वडिलांची गादी बदलली तर फरक पडेल का?

तुमच्या प्रश्नातलं थोडक्यात असं: वडील एकसष्ट वर्षांचे, स्लीप स्टडीत (झोपेच्या तपासणीत) एएचआय, म्हणजे तासाला श्वास अडकण्याचा आकडा, २२ आला, डॉक्टरांनी सीपॅप मशीन (मास्कमधून हवेचा दाब देणारं) सांगितलं. वडील म्हणतात, ‘गच्चीवर सतरंजी टाकून झोपलो की मी घोरत नाही, ही मऊ गादीच मला बाधते.’ आणि तुम्हाला ऑनलाइन ४५ हजारांची ‘घोरणं थांबवणारी’ गादी दिसली आहे.

ती गादी घेऊ नका. मी सोलापुरात गाद्याच विकतो, त्यामुळे हे सांगण्यात माझा फायदा काहीच नाही. ‘मालक, घोरणं बंद करणारी गादी हाय का ओ?’ असं विचारणारं गिऱ्हाईक अधूनमधून येतंच, आणि त्यालाही मी हेच सांगतो. शिवाय मला स्वतःला हा श्वास अडकण्याचा आजार (स्लीप ॲप्निया) आहे, रोज रात्री मास्क लावून झोपतो. डॉक्टर नाही, तेव्हा मशीन लावायचं की नाही हा निर्णय तुमच्या डॉक्टरांचाच. पण अंथरूण, उशी आणि कूस हा माझा प्रांत आहे.

आधी वडिलांचा रिपोर्ट पुन्हा काढून बघा. २२ हा पूर्ण रात्रीचा सरासरी आकडा आहे: तासाला इतक्या वेळा श्वास किमान दहा सेकंद थांबला किंवा बराच कमी झाला. ५ ते १५ सौम्य, १५ ते ३० मध्यम, ३० च्या वर तीव्र. बहुतेक रिपोर्टांत आतल्या पानावर एक छोटा तक्ता असतो, ‘सुपाइन’ आणि ‘नॉन-सुपाइन’ असा. सुपाइन म्हणजे उताणं. छातीवर लावलेला सेन्सर रात्रभर कूस नोंदवत असतो, पण तो तक्ता बघायचं घरच्यांना कोणी सांगत नाही. माझ्या रिपोर्टात एकूण २४ होते, पण उताणा असताना ४१ आणि कुशीवर ९. म्हणजे माणूस एक, रात्र एक, आणि आजार दोन वेगवेगळ्या पायऱ्यांवर.

शिकागोच्या रोझलिंड कार्टराइट यांनी १९८४ मध्ये यासाठी एक साधी कसोटी मांडली, ती आजही वापरात आहे: उताणं झोपल्यावरचा आकडा कुशीवरच्या आकड्याच्या किमान दुप्पट असेल, तर तो आजार झोपण्याच्या स्थितीवर अवलंबून आहे असं धरायचं. निम्म्याहून अधिक रुग्ण या गटात बसतात. सौम्य-मध्यम आजार आणि बेताचं वजन असलेले यात जास्त. वजन खूप असेल, मान जाड असेल तर बहुतेकदा कुठल्याही कुशीवर श्वास अडकतोच. तुमच्या वडिलांचे दोन्ही आकडे जवळपास सारखे असतील, तर खालचं बरंचसं तुमच्या उपयोगाचं नाही. सरळ मशीनकडे वळा.

असं का होतं? नाकापासून स्वरयंत्रापर्यंतच्या वाटेला मागे मणके सोडले तर हाडाचा आधार नाही. पुढून जीभ, वरून मऊ टाळू आणि पडजीभ, बाजूने मांस. जागेपणी स्नायू ही वाट ताणून उघडी ठेवतात. झोपेत ते सैल पडतात, आणि आपण हवा आत ओढतो तेव्हा भिजलेला कागदी स्ट्रॉ चिमटावा तशी ती चिमटते. उताणं झोपलं की जीभ आणि टाळू स्वतःच्या वजनाने मागे येतात, म्हणजे आधीच अरुंद वाट आणखी अरुंद. हे वजनाचंच काम आहे याचा पुरावा फार मजेदार ठिकाणी मिळाला: १९९८ मध्ये अंतराळयानात. अंतराळवीरांची झोप तिथे मोजली, तेव्हा वजनरहित अवस्थेत श्वासाचे अडथळे पृथ्वीपेक्षा निम्म्याहून कमी झाले आणि घोरणं जवळजवळ संपलं. आपल्याला यान परवडत नाही, कूस परवडते.

पहाटे घोरणं जास्त ऐकू येतं अशी आईची तक्रार असेल, तर तेही बरोबरच आहे. स्वप्नांची झोप उत्तररात्री जास्त असते आणि तिच्यात स्नायू सर्वात सैल. पहाट आणि त्यात उताणं, हा सगळ्यात वाईट जोड.

आता गच्चीचं. उन्हाळ्यात सोलापुरात पारा ४२-४३ वर गेला की निम्मं गाव गच्चीवर असतं, आणि ‘वर झोपलो की घोरत नाही’ हे मी कित्येकांकडून ऐकलंय. पण घोरत नाही हे सांगतंय कोण? ऐकणारी खाली कूलरपाशी झोपलेली असते! तरी वडिलांचं म्हणणं अगदीच उडवून लावू नका. गच्चीवर माणूस जाड उशी नेत नाही. एखादी पातळ उशी, नाहीतर दंड डोक्याखाली घेऊन कुशीवर आडवा होतो. सुधारणा खरी असेल तर तिचं श्रेय कुशीला आणि पातळ उशीला आहे, सतरंजीला नाही. उलट कडक जमिनीवर खांदा आणि कुल्ला दुखायला लागला की झोपेतच माणूस उताणा होतो, आणि मग तीच सतरंजी नुकसान करते. एका रात्री कोणीतरी वर जाऊन मोबाइलवर पाच-दहा मिनिटं चित्रीकरण करा, एकदा पूर्वरात्री, एकदा पहाटे. कुठल्या कुशीवर आहेत ते दिसायला हवं. डॉक्टरांनाही ते दाखवता येईल.

गादीचा संबंध येतो तो इथे. गादी घसा उघडा ठेवत नाही. ती कुशीवर राहू देते किंवा राहू देत नाही, इतकंच. म्हणून तिच्यात दोनच गोष्टी बघायच्या. एक, मधे खड्डा पडलाय का. कापसाची गादी दहा-बारा वर्षं पिंजून घेतली नाही की कमरेखाली कापूस दबतो, कडा मात्र फुगलेल्या राहतात. अशा गादीवर माणूस खड्ड्यात उताणाच गडगडतो. त्याला कूस बदलायची तर चढण चढावी लागते, आणि झोपेत कोण चढतंय? वर डोकं उचललेलं, कंबर खाली, हनुवटी छातीला टेकलेली. हनुवटी छातीकडे गेली की श्वासाची वाट दबते. सैल झालेल्या नवारीच्या बाजेवर हेच होतं, फार जाड मऊ फोमवरही हेच. दोन, कुशीवर झोपल्यावर खांदा थोडा आत जातो का. खांदा न दुखता रात्र निघायला हवी.

दुकानात मी हे असं बघतो: गिऱ्हाइकाला गादीवर कुशीवर झोपवायचं आणि मागे उभं राहून मानेपासून माकडहाडापर्यंत नजर टाकायची. शर्टाची मधली शिवण सरळ दिसली पाहिजे. कंबर खाली लोंबत असेल तर गादी फार मऊ. खांद्यापाशी शिवण वर चढून वाकली असेल तर फार कडक. हे घरी तुमच्या आहे त्या गादीवर करून बघा. जमत असेल तर गादी तशीच ठेवा. खड्डा असेल तर कापूस पिंजून भरून घ्या किंवा साधी कॉयरची घ्या, वर दोन इंची मऊ थर. मेमरी फोम माझ्या दुकानातही आहे, पण आपल्याकडच्या मे महिन्यात तो अंगाखाली तापतो आणि माणूस रात्रभर वळवळतो. एसी असेल तर ठीक.

वडिलांना सकाळी शिंका, बंद नाक असं असेल तर जुन्या गादीच्या धुळीकडेही बघा. बंद नाकाने घसा आणखी ओढला जातो. गादीला ऊन दाखवायला सोलापूरइतकी सोय दुसरीकडे कुठे!

गादीपेक्षा मी उशीवर जास्त बोलतो, आणि तिथेच लोकांचं लक्ष नसतं. ‘श्वास अडकतो, डोकं उंच ठेवा’ असं कोणीतरी सांगतं आणि घरचे दोन जाड उशा देतात. त्याने फक्त डोकं पुढे झुकतं, धड आडवंच राहतं, म्हणजे पुन्हा हनुवटी छातीला. उंच करायचं तर कमरेपासून वरचं सगळं अंग एका उतारावर हवं. त्यासाठी पाचरीच्या आकाराचा फोम मिळतो, नाहीतर पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली लाकडी ठोकळे. एका अभ्यासात पलंगाला साडेसात अंशांचा उतार दिला, तर आकडा साधारण तिसऱ्या हिश्शाने कमी झाला. सहा फुटी पलंगाला हा उतार म्हणजे उशाकडून साडेनऊ इंचांच्या आसपास. ऐकायला बरंच वाटतं, म्हणून चार-पाच इंचांपासून सुरुवात करा आणि ठोकळे रुंद, न सरकणारे घ्या. दिवाणाला विटा लावू नका, रात्री सरकल्या की सगळं घर जागं होतं. दुसरी अडचण अशी की गुळगुळीत चादरीवर माणूस पहाटेपर्यंत पायथ्याशी सरकतो. इथे आपली सोलापुरी चादर कामाला येते. जाड, खरबरीत विणीची असल्यामुळे अंग धरून ठेवते. पांघरायच्याऐवजी अंथरा.

कुशीवर झोपताना मात्र उशी जाड हवी, कान आणि गादी यांच्यातलं खांद्याएवढं अंतर भरणारी. उताण्यासाठी पातळ आणि कुशीसाठी जाड, म्हणून ‘एकच उत्तम उशी’ असं काही नसतं. वडिलांना कुशीवरच झोपवायचं ठरलं तर कुशीच्या मापाने घ्या, आणि गुडघ्यांच्या मधे एक जुनी उशी द्या. कंबर दुखत नाही, म्हणून कूसही बदलत नाही. डावी की उजवी याने श्वासाला फारसा फरक पडत नाही. ॲसिडिटी असेल तर डावी बरी.

आता खरा प्रश्न: झोपलेल्या माणसाला कुशीवर ठेवायचं कसं? जुना उपाय म्हणजे बनियनच्या पाठीवर खिसा शिवून त्यात टेनिसचा चेंडू. उताणं झालं की टोचतो. काम करतो, पण पुढे बहुतेक लोक सोडून देतात, कारण टोचून टोचून झोपच मोडते. आमच्याकडे टर्किश टॉवेलची कमतरता नाही, म्हणून मी तो गुंडाळून जाड लोळी करतो, कापडी पिशवीत घालून पिशवी पट्ट्याने पाठीला बांधतो. टोचत नाही, पण उताणं होऊही देत नाही. लोळी दोन खांद्यांच्या मधे यायला हवी, कमरेवर घसरली तर उपयोग शून्य. नुसता लोड पाठीशी लावून ठेवला तर झोपेत माणूस त्याला ढकलून देतो. गळ्यात किंवा छातीवर बांधायची, उताणं झालं की थरथरणारी छोटी यंत्रंही निघाली आहेत. लोक ती चेंडूपेक्षा जास्त दिवस टिकवतात, पण स्वस्त नाहीत. आधी टॉवेल.

यात एक फसगत आहे. कुशीवर झोपल्यावर घोरण्याचा आवाज कमी झाला म्हणजे श्वास अडकणं थांबलं, असं नाही. आवाज आणि अडथळा या दोन वेगळ्या गोष्टी. टॉवेलची सवय बसली की डॉक्टरांना विचारून, पाठीवर ती लोळी बांधूनच घरच्या घरी स्लीप स्टडी पुन्हा करून घ्या. नवा आकडा पाचच्या खाली असेल आणि दिवसा पेंग येत नसेल, तर मशीनबद्दल डॉक्टरांशी पुन्हा बोलायला तुमच्याकडे काहीतरी आहे. तोवर मशीन थांबवू नका. त्यातही वडिलांना रक्तदाब असेल, हृदयाचे ठोके अनियमित असतील, रिपोर्टात ऑक्सिजन बराच खाली गेलेला असेल किंवा ते पुणे-हैदराबाद रस्त्यावर गाडी चालवत असतील, तर हे घरगुती प्रयोग मशीनच्या जोडीलाच करा, मशीनऐवजी नाही. रात्रीचं ‘थोडंसं घेणं’ आणि मनाने घेतलेली झोपेची गोळी, दोन्हींनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात. तिथे कुठलीही गादी हरते.

सीपॅप म्हणजे हवेच्या हलक्या दाबाने ती वाट उघडी ठेवणं. सिडनीच्या कॉलिन सलिव्हन यांनी १९८१ मध्ये हे पहिल्यांदा मांडलं, आणि अजून त्याला तोड नाही. मशीन लावूनही कूस महत्त्वाची आहेच: कुशीवर बहुतेकांना दाब कमी लागतो, म्हणून मास्कमधून हवा सुटणं आणि तोंड कोरडं पडणं कमी होतं. अडचण एवढीच की कुशीवर मास्क उशीला घासून सरकतो. त्यासाठी उशीच्या कडेला मास्कपुरता खोलगट भाग कापून शिवून देतो आम्ही, कुठलाही गादीवाला देईल. नळी डोक्यावरून मागे न्या.

आणि वीज. उन्हाळ्यात मध्यरात्री लाइट गेली की मशीन बंद. मशीन इन्व्हर्टरवर घ्या आणि त्या रात्री मशीनमधला, हवा ओलसर करणारा पाण्याचा हीटर बंद ठेवा, सगळ्यात जास्त वीज तोच खातो. इन्व्हर्टर नसेल तर टॉवेलची पिशवी उशाशीच ठेवायला सांगा. लाइट गेली की मास्क काढायचा, पिशवी बांधायची आणि कुशीवर व्हायचं.

रिपोर्टातले उताण्याचे आणि कुशीवरचे आकडे, आणि सध्याची गादी कापसाची आहे की फोमची, एवढं खाली लिहा. गादीचं मी सांगतो, आकड्यांचं डॉक्टरांना विचारा.