सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचा टॉवेलचा कारखाना आहे. क्लाउड ईआरपी (खरेदी, साठा, विक्री, हिशेब एकत्र सांभाळणारं, इंटरनेटवरून चालणारं सॉफ्टवेअर) बसवायचंय, सुरुवात कुठून करू?

गोदामापासून. एकच टॉवेल कुणी ‘३०×६० पांढरा’ लिहितो, कुणी ‘मोठा सफेद’. आधी आयटम मास्टर, म्हणजे मालाच्या नावांची यादी, एक करा. सूत येतं किलोत, टॉवेल जातो नगावर किंवा डझनावर. हा हिशेब सॉफ्टवेअरला जमतो का आणि बाहेर रंगाईला गेलेला माल जॉबवर्कच्या चलनावर दिसतो का, हे डेमोतच तुमच्या मालावर करून दाखवायला लावा. विकणारा ‘सगळं होतं हो’ म्हणणारच! कंपनी प्रायव्हेट लिमिटेड असेल, तर १ एप्रिल २०२३ पासून ऑडिट ट्रेल, म्हणजे हिशेबात कुणी कधी काय बदललं याची सॉफ्टवेअरमधली नोंद, सक्तीचा आहे. उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल, तर व्यापाऱ्यांना दिलेल्या बिलांना ई-इनव्हॉइसही, म्हणजे बिलाची सरकारी पोर्टलवर नोंद. ओपनिंग स्टॉक मात्र मोजूनच चढवा, जुन्या वहीवरून नको. इंटरनेटची दुसरी लाइनही घेऊन ठेवा.