जुन्या ट्रॅक्टरची गंजलेली वजने काढणे आणि नवे वजन देणे

प्रश्न : माझा ट्रॅक्टर जुना आहे. नांगरताना मागची चाके जागेवर फिरतात. आधीच्या मालकाने बसवलेली लोखंडी वजने इतकी गंजली आहेत की बोल्ट हलत नाहीत. ती काढून मोठी वजने बसवावीत की टायरमध्ये पाणी भरावे?

उत्तर : बोल्टला हात लावण्यापूर्वी चाके किती घसरतात ते मोजावे, कारण टायरचे दात झिजले असतील तर वजन वाढवून फारसा उपयोग होत नाही. टायरवर खडूने खूण करावी, त्याच शेतात नांगर उचलून चाकाच्या 10 फेऱ्यांत ट्रॅक्टर किती अंतर जातो ते मोजावे आणि नंतर नांगर लावून तेवढ्याच फेऱ्यांचे अंतर मोजावे. पहिल्या वेळी 40 मीटर आणि दुसऱ्या वेळी 32 मीटर भरले, तर घसरण 20 टक्के झाली. दोन चाकी ओढीच्या (फक्त मागच्या दोन चाकांना इंजिनची ओढ मिळणाऱ्या) ट्रॅक्टरला साधारण 10 ते 15 टक्के घसरण योग्य मानतात. त्याहून बरीच कमी असेल तर वजन आधीच जास्त आहे आणि ते डिझेल खाते, जमीन दाबते व गिअर आणि मागच्या धुरीवर (ॲक्सलवर) ताण आणते.

आता गंजलेल्या बोल्टांविषयी. आटे तारेच्या ब्रशने साफ करून त्यांवर गंज सोडवणारे पातळ तेल सोडावे, रात्रभर मुरू द्यावे आणि सकाळी पुन्हा सोडावे. घाई करणाऱ्याच्या हाती बहुधा तुटलेला बोल्टच येतो. नटाच्या माथ्यावर हातोडीने हलके ठोके दिल्यास गंज तडकून तेल आत शिरते. सहा कोनी गोटी पाना वापरावा, कारण बारा कोनी पान्याने गंजलेल्या नटाचे कोपरे लवकर गोल होतात. नट आधी किंचित आवळून मगच सोडवावा, आणि थोडा हलला की पुढे-मागे करत तेल देत राहावे.

तेवढ्याने भागले नाही तर गॅसने नट तापवतात, पण इथे मी ठामपणे सांगतो की टायर रिमवर असताना ही ज्योत किंवा वेल्डिंग रिमजवळ नेऊ नये. तापलेल्या रिममुळे टायरच्या आतील हवा व वायू फुगून टायर बॉम्बसारखा फुटू शकतो, आणि केवळ हवा सोडल्याने हा धोका टळत नाही. तापवायचेच असेल तर आधी टायर उतरवावा. लाल झालेल्या बिडावर (ओतीव लोखंडावर) पाणी ओतू नये, ते तडकते. वजन सैल होताना ते अंगावर येऊ नये म्हणून खाली लाकडी ठोकळे लावावेत.

वजन वाढवायचे ठरलेच तर स्वस्तात पडते ते पाणी, कारण लिटरमागे एक किलो वजन मिळते. चाक जॅकवर उचलावे, व्हॉल्व्ह वरच्या बाजूस आणावा, त्याची सुई (हवा अडवणारा आतला लहान भाग) काढावी आणि आतील हवेला वाट ठेवत भरावे. व्हॉल्व्हच्या पातळीपर्यंत भरले की सुमारे 75 टक्के जागा पाण्याने व्यापते आणि उरलेल्या हवेमुळे टायरला लवचिकता राहते. मग सुई बसवून ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेल्या दाबापर्यंत हवा भरावी. हवा मोजताना व्हॉल्व्ह वरच ठेवावा. दोन्ही चाकांत सारखेच पाणी हवे.

पुढची बाजू मात्र विसरू नये. मागे उचललेल्या अवजाराने पुढची चाके हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही, म्हणून एकूण वजनाच्या निदान 20 टक्के भार पुढच्या चाकांवर राहील एवढी वजने पुढे लावावीत. पंक्चर काढायला चाक देताना आत पाणी आहे हे आधीच सांगावे, कारण ते चाक एकट्या माणसाला सावरत नाही.