कृष्णवर्णीय मुलांना त्यांच्या समाजातल्या ज्येष्ठांशी कसं जोडावं? प्रश्नांची यादी हवी आहे.

तुम्ही लिहिलंय की अटलांटातल्या तुमच्या वाचनालयात कृष्णवर्णीय मुलांनी आपल्याच समाजातल्या म्हाताऱ्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायच्या असं ठरतंय आणि प्रश्न काढायचं काम तुमच्याकडे आलंय. मी जॉर्जियातच, सव्हानाला राहतो. इथल्या एका चर्चच्या सभागृहात असंच काम करणाऱ्या गटाला गेली काही वर्षं मदत करतोय. माझं ऐकाल तर यादी राहू द्या. आधी दोन्ही पिढ्यांच्या हाताला एकच काम द्या.

आम्ही यादीनेच सुरुवात केली होती. समोर रेकॉर्डर, पोरांच्या हातात कागद, "तुमचं बालपण कसं होतं?" आज्या दोन वाक्यांत उत्तर देऊन गप्प. त्यांचं इंग्रजीही एकदम शाळेतल्यासारखं झालं. मला कारण नंतर उमगलं. गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या वंशजांची या किनारपट्टीवरची गल्ला भाषा 'मोडकी इंग्रजी' म्हणून हिणवली गेली, ती बोलल्याबद्दल मुलं शाळेत बोलणी खायची. यंत्र दिसलं की ती भीती अजून जागी होते. लोरेन्झो डाऊ टर्नर या कृष्णवर्णीय भाषाशास्त्रज्ञाने 1949 साली तिची आफ्रिकी मुळं पुस्तकात मांडली, 2005 मध्ये बायबलचा नवा करार गल्लात छापून आला. पण लहानपणी बसलेला धाक पुस्तकांनी जात नाही.

मग आम्ही भेंडीचं सूप करायला घेतलं. आज्या चिरायला बसल्या, पोरं शेजारी. आणि तोंडं उघडली! 'ओक्रा' हा शब्दच पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो भाषेतून आलाय, हे एका मुलाने फोनवर शोधून सांगितलं, तर एका आजींनी त्यांची आजी भेंडी कशी वाळवायची ते सांगायला सुरुवात केली. कुणी विचारलं नव्हतं.

टर्नरांचीच एक हकिकत सांगतो, कारण सगळं त्यात आहे. 1930 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी इथून तासाभरावरच्या हॅरिस नेकमध्ये अमेलिया डॉली या बाईंचं पाच ओळींचं गाणं ध्वनिमुद्रित केलं. बाईंना अर्थ ठाऊक नव्हता. सिएरा लिओनहून शिकायला आलेल्या एका विद्यार्थ्याने भाषा ओळखली: त्याच्या देशातली मेंडे. कित्येक वर्षांनी संशोधक पुन्हा आले, तेव्हा अमेलियाबाईंची मुलगी मेरी मोरान यांना ते गाणं पाठ होतं. आईने लहानपणी शिकवलेलं. आणि तिकडे सिएरा लिओनमध्ये, सेनेहुन न्गोला नावाच्या खेड्यात, बेंदू जबाती यांनाही तेच गाणं येत होतं. ते मयताच्या विधीचं होतं. त्यांच्या आजीने बजावलं होतं की हे विसरू नकोस, हरवलेली आपली माणसं यावरूनच ओळखू येतील. 1997 साली मेरीबाई तिथे गेल्या आणि दोघी भेटल्या. ध्वनिमुद्रण नसतं तर ही ओळख पटली नसती, हे खरंच. पण दोन्ही काठांवर गाणं जिवंत ठेवलं ते पोरींना जवळ घेऊन शिकवणाऱ्या बायकांनी.

एक गोष्ट मात्र जपून विचारा: "तुमचं घर कुठे होतं?" हॅरिस नेकच्या कृष्णवर्णीय कुटुंबांची जमीन 1942 मध्ये सरकारने विमानतळासाठी घेतली, आज तिथे वन्यजीव अभयारण्य आहे. अशा जखमा बऱ्याच घरांत आहेत. आजींनी विषय काढला तर पोरांनी ऐकावं, खोदून विचारू नये.

आणि नुसतं नाव घेऊन हाक मारू नका. इथे 'मिस' किंवा 'मिस्टर' लावून पुढे पहिलं नाव घेतात. वर्णभेदाच्या काळात गोरी पोरंसुद्धा या माणसांना एकेरी नावाने हाका मारायची, म्हणून हा मान फार मोलाचा आहे.

स्वयंपाक जमणार नसेल तर गोधडी शिवा, किंवा साउथ कॅरोलायनाची स्वीटग्रास या गवताची टोपली विणणारं कुणी मिळालं तर फारच छान. त्या कामाला मोडक्या चमच्याच्या दांड्याचं हत्यार लागतं, आणि नातवाच्या हाताला वळण लावायला आजीला त्याचा हात धरावाच लागतो. जे ध्वनिमुद्रित कराल त्याची प्रत त्याच आठवड्यात त्या घरी पोचवा. ते त्यांचं आहे, वाचनालयाचं नंतर.

वेळ शनिवारी दुपारची ठेवा. बऱ्याच आज्या अंधार पडल्यावर गाडी चालवत नाहीत. गाडी येणाऱ्या पोरांना त्यांना आणायला-सोडायला पाठवा. आमच्याकडे सगळ्यात जास्त गोष्टी त्या गाडीतच सांगून झाल्या आहेत.